साथीला कोण होतं?



एरवी मी इथे लढाया आणि पलटणी यांच्याबद्दल बोलतो. आज गेलेल्या गवय्या-वादकांबद्दल बोलायचं आहे. मी गाणं शिकलेला माणूस नाही. जन्म बेळगावचा, नोकरी फौजेत, आणि निवृत्तीनंतर मुक्काम बेंगळुरूत. त्यामुळे कानावर मराठी, कन्नड, कर्नाटक, हिंदुस्थानी, बँड, सगळंच पडत आलं. तेवढ्या अधिकारावर बोलतो. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, कारण आजचा विषय मला त्या चुकीनेच शिकवला.

२४ जानेवारी २०११ला पंडित भीमसेन जोशी गेले. त्यानंतर आम्ही बेंगळुरूतल्या काही मराठी घरांनी मिळून एक श्रद्धांजलीची मैफल ठरवली. व्यवस्था माझ्याकडे. फौजी माणूस म्हणून वेळ, खुर्च्या, चहा, पार्किंग सगळं चोख केलं. कार्ड छापलं. वर पंडितजींचा फोटो, खाली गायकाचं नाव ठळक अक्षरांत, आणि त्याखाली तीन शब्द, ‘आणि त्यांचे साथीदार’.

तबल्याला हुबळीहून एक गृहस्थ आले होते. रात्रीच्या गाडीने आले, सुरेख वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ते कार्ड माझ्यासमोर धरलं आणि शांतपणे विचारलं, “कर्नलसाहेब, हे ‘साथीदार’ म्हणजे मीच ना? घरी दाखवलं तर कुणाला कळेल?” मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या वेळी नक्की छापू म्हणालो. ती पुढची वेळ आलीच नाही.

२०२१च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांचं त्या मैफलीतलं काही आहे का तुमच्याकडे? मी सीडी काढली. दोन तासांच्या चित्रीकरणात कॅमेरा गायकावर. तबलजींचा उजवा हात दिसतो, बाह्या दिसतात, दोनदा अर्धा चेहरा. नाव कुठेच नाही. कार्डावर नाही, सीडीच्या वेष्टनावर नाही, माझ्या निवेदनातही नाही.

आजच्या भागात त्यांचं नाव घेऊ का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “नको काका. तेव्हा कार्डावर नव्हतं, आता व्हिडिओत कशाला?” मंडळी, मी तिचा शब्द पाळतो आहे. म्हणून नावांबद्दलच्या या बोलण्यात एक नाव मी घेणार नाही. ते माझं प्रायश्चित्त समजा.

आता, मला ही गोष्ट एवढी का लागली?

फौजेत आमची पहिली सवय म्हणजे हजेरी. संध्याकाळी रोल कॉल होतो, एकेक नाव घेतलं जातं. आणि जो परत येत नाही, त्याचंही नाव गाळायचं नसतं. दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं. तिथे ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र वीट. शिपायाची वीट आणि कर्नलची वीट एकाच मापाची. तिथे ‘कर्नल अमुक आणि त्यांचे साथीदार’ असं कुणी लिहिलं असतं, तर आम्ही सहन केलं असतं का? मग तेच मी कार्डावर कसं लिहिलं?

आमच्याकडे संगीतवाले असतात ते बँडवाले. परेडला लोक त्यांच्याकडे कौतुकाने बघतात. पण लढाईत वाद्य खाली ठेवून हेच लोक स्ट्रेचर उचलतात, गोळीबारातून जखमींना मागे आणतात. आणि सैनिकाला निरोप देताना ‘लास्ट पोस्ट’ वाजवणारा बिगुलरही त्यांच्यातलाच. त्या बिगुलरचं नाव आपण कधी विचारतो का? तेव्हा हजेरीत गाळलेली नावं शोधायची, एवढंच आज करू.

शोध बेंगळुरूपासूनच सुरू करतो.

मल्लेश्वरमजवळ, व्यालीकावलमध्ये, एक सभागृह आहे. चौडय्या मेमोरियल हॉल. बाहेरून बघितलं तर व्हायोलिन. नुसतं कोरलेलं चित्र नाही, सबंध इमारतच व्हायोलिनच्या आकाराची आहे. तारा आहेत, खुंट्या आहेत. के. के. मूर्ती यांच्या खटपटीने ते १९८० साली उभं राहिलं. हजारावर माणसं बसतात. नाटक, नृत्य, कर्नाटक गायन, हिंदुस्थानी मैफली, सगळं तिथे होतं.

हे चौडय्या कोण? तिरुमकुडलू चौडय्या, म्हैसूरकडचे, बिडारम कृष्णप्पांचे शिष्य. कर्नाटक संगीतातले मोठे व्हायोलिनवादक, आणि आयुष्याचा मोठा भाग साथीला बसलेले. चेंबै वैद्यनाथ भागवतर, अरियकुडी रामानुज अय्यंगार अशा दिग्गजांच्या बाजूला त्यांचं व्हायोलिन असायचं.

त्यांची एक अडचण होती. तेव्हा माइक नव्हते. गायकांचे आवाज दणदणीत, मंडप मोठे, आणि मागच्या रांगेतला माणूस तक्रार करायचा की व्हायोलिन ऐकू येत नाही. चौडय्यांनी तक्रार मनावर घेतली. चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा जोडल्या आणि सात तारांचं व्हायोलिन वाजवू लागले. नाद भरला, आवाज मागपर्यंत पोचू लागला. साथीदार ऐकू यावा म्हणून एका साथीदाराने वाद्यच बदललं! १९५७ साली त्यांना मद्रासच्या म्युझिक अकादमीची ‘संगीत कलानिधी’ पदवी मिळाली. १९ जानेवारी १९६७ रोजी ते गेले.

मला या शहराचं कौतुक वाटतं ते इथे. केवढे केवढे गायक या राज्यात झाले. पण शहराने आपल्या एका प्रमुख सभागृहाला नाव दिलं ते गायकाच्या बाजूला बसणाऱ्या माणसाचं. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, बेळगावात असं एखाद्या तबलजीच्या किंवा पेटीवाल्याच्या नावाचं मोठं नाट्यगृह तुम्हाला आठवतंय का? आठवलं तर जरूर कळवा.

दुसरी कथा बेंगळुरूचं नाव लावणाऱ्या एका बाईची. बेंगळुरू नागरत्नम्मा. जन्म १८७८, म्हैसूरजवळच्या नंजनगुडचा. देवदासी घराण्यातल्या. गाणं, नृत्य आणि संस्कृत-तेलुगू-कन्नडचा अभ्यास, सगळ्यांत तयार. पुढे मद्रासला स्थायिक झाल्या.

ही कथा मराठी माणसाने ऐकायला हवी, कारण ती आपल्या तंजावरच्या राज्यात जाते. व्यंकोजीराजांनी तिथे भोसल्यांची गादी स्थापली हे तुम्हाला माहीत आहे. त्याच गादीवरच्या प्रतापसिंहराजांच्या दरबारात, अठराव्या शतकात, मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिने तेलुगूत ‘राधिकासांत्वनम्’ हे काव्य लिहिलं. पुढे ते छापलं गेलं तेव्हा त्यातला काही मजकूर गाळला गेला. तिने आपल्या आई-आजीची ओळख करून दिली होती तो भागही गेला. नागरत्नम्मांनी मूळ प्रत मिळवून १९१० साली संपूर्ण काव्य छापलं. त्यावर गदारोळ झाला, अश्लील म्हणून इंग्रज सरकारने बंदी घातली. ती उठली स्वातंत्र्य आल्यावर. एका गेलेल्या कलावतीचं गाळलेलं नाव परत हजेरीत लिहायला ही बाई सरकारच्या आड गेली.

नागरत्नम्मांचं दुसरं काम त्याहून मोठं. संत त्यागराजांचं आयुष्य (१७६७ ते १८४७) गेलं तंजावरच्या मराठी राज्यात, कावेरीकाठी तिरुवैयारूला. त्यांच्या समाधीची पुढे आबाळ झाली होती. नागरत्नम्मांनी स्वतःची कमाई, दागिने घालून १९२०च्या दशकात तिथे मंदिर उभारलं. आणि गंमत बघा, त्याच ठिकाणी दर वर्षी त्यागराजांची आराधना व्हायची, त्यात बायकांना गायला बंदी! जिच्या पैशाने समाधी बांधली, तिलाच समाधीपुढे गायची मनाई. नागरत्नम्मांनी रडगाणं गायलं नाही. बायकांचा वेगळा गट काढून त्यांनी वेगळी आराधना सुरू केली. १९४०च्या सुमारास सगळे गट एकत्र आले आणि स्त्रियांचा आवाज तिथे कायमचा रुजू झाला. १९५२ साली नागरत्नम्मा गेल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीजवळच आहे.

आज जानेवारीत तिरुवैयारूला शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या रचना म्हणतात, टीव्हीवर दाखवतात. बघाल तेव्हा या बाईची आठवण ठेवा.

आता बेंगळुरूहून उत्तरेला, आमच्या सीमाभागाकडे वळू.

१९५२ सालीच, १२ सप्टेंबरला, सवाई गंधर्व गेले. मूळ नाव रामभाऊ कुंदगोळकर. गाव हुबळीजवळचं कुंदगोळ, गुरू किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आणि नाव गाजलं मराठी संगीत रंगभूमीवर. कन्नड मुलखातला माणूस मराठी नाटकात स्त्रीभूमिका करतो आणि महाराष्ट्र त्याला डोक्यावर घेतो. तेव्हा सीमा नकाशावर होती, कानात नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ पुण्याचा महोत्सव १९५३ला सुरू झाला तो भीमसेनजींनी वाढवला, आणि कुंदगोळलाही नाडगीर वाड्यात त्यांच्या आठवणीत गाणं होत आलं. योगायोग असा की सवाई गंधर्वांनंतर बरोबर चाळीस वर्षांनी, १२ सप्टेंबर १९९२ला, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर गेले. त्याच वर्षी जानेवारीत कुमार गंधर्व गेले होते. १९९२ सालाने आमच्या भागाची दोन मोठी नावं नेली.

ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. आता यांच्या साथीला कोण, ते बघू.

कुमारांचं गाणं आठवा. त्या गाण्याखाली एक नेमका, शांत ठेका असायचा, गायकाला वाट मोकळी ठेवणारा. ते वसंतराव आचरेकर.

गंगूबाई हनगल २१ जुलै २००९ला गेल्या. शहाण्णव वर्षांचं आयुष्य. त्यांच्या मैफलीत त्यांच्या मागे तानपुरा घेऊन एक बाई असायच्या. गंगूबाईंचा भरदार आवाज थांबला की त्या अलगद सूर पुढे न्यायच्या, गंगूबाईंनी परत उचलला की गप्प व्हायच्या. त्या गंगूबाईंच्या कन्या कृष्णा हनगल. स्वतः चांगल्या तयारीच्या गायिका, पण आयुष्य गेलं आईच्या साथीला. २००४ साली, आईच्या आधी पाच वर्षं, त्या गेल्या. जुनी ध्वनिमुद्रणं लावा आणि त्या दुसऱ्या आवाजाकडे कान द्या. एकदा तो ऐकू आला की मग गंगूबाईंचं गाणं आपल्याला एकटीचं वाटत नाही.

आणि पेटी. आमच्या बेळगावात पेटी म्हटलं की पंडित रामभाऊ विजापुरे. जन्म १९१७, मृत्यू २०१०. मोठमोठ्या गवयांना त्यांनी साथ केली, आणि बेळगावात बसून पेटीवादकांच्या पिढ्या शिकवल्या. यांच्या पिढीने सोसलेली एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. म्हणणं असं की हे परदेशी वाद्य, सूर ठोकळेबाज, आपल्या गाण्यातल्या मींड-श्रुती त्यात येत नाहीत. ही बंदी सैल झाली १९७१मध्ये. एकतीस वर्षं! बैठकीत गवई म्हणणार पेटी हवी, आणि रेडिओ म्हणणार पेटी नको. या काळात देशातल्या पेटीवाल्यांनी काय केलं? शिकवण्या केल्या, नाटकांत वाजवलं, भजनाला बसले, आणि वाद्य जिवंत ठेवलं. फौजेत याला म्हणतात ठाणं न सोडणं.

आमचे एक काका बेळगावला कोर्टात कारकून होते आणि संध्याकाळी तबला वाजवायचे. मोठे कलाकार नव्हते. गावात बैठक असली आणि तबलजी आला नाही, तर यांना बोलावणं. ते गेले तेव्हा मी सरहद्दीवर होतो, येऊ शकलो नाही. नंतर काकूंनी मला त्यांची एक वही दिली. मला वाटलं बोल लिहिलेले असतील. तो होता हिशेब. तारीख, कुणाचं घर, बिदागी किती, टांग्याला किती. आणि प्रत्येक बैठकीपुढे नावांची यादी. गाणारा, पेटीवाला, तानपुऱ्यावर बसलेली दोन पोरं, कधी कधी चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव. फक्त तबल्यापुढे सगळीकडे एकच अक्षर, ‘मी’. सगळ्यांची हजेरी घेतली आणि स्वतःचं नाव लिहायचं राहून गेलं. ते कार्ड छापताना ही वही माझ्या कपाटात होती. तरी मला सुचलं नाही, याचंच वाईट वाटतं.

शास्त्रीय संगीत सोडून जरा पुढे येऊ, कारण हे सगळीकडे तसंच आहे.

२७ जानेवारी १९६३. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. चीनच्या युद्धाला अजून शंभर दिवसही झालेले नव्हते. कवी प्रदीप यांचे शब्द, पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचं संगीत, आणि लता मंगेशकरांचा आवाज. आमच्या गेलेल्या जवानांसाठी गायलेलं ते गाणं तुम्हाला माहीत आहे. आम्ही फौजी ते गाणं आजही उभे राहून ऐकतो. प्रदीप गेले, १९८२ साली सी. रामचंद्र गेले, ६ फेब्रुवारी २०२२ला लतादीदी गेल्या. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी त्या दिवशी आमच्या मृतांची हजेरी घेतली होती. मग त्यांच्या मृतांची हजेरी कुणी घ्यायची? मला वाटतं ती आमच्यावरची उधारी आहे.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे गोव्याचे किती वादक होते! मराठी संगीतकाराने चाल द्यायची, आणि व्हायोलिनचे, ट्रम्पेटचे भाग लिहून काढायचे ते गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेल्या मंडळींनी. पडद्यावर बहुधा त्यांची नावं नसत. सी. रामचंद्र यांच्याकडे असे एक होते, अल्दोनाचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या जाझवाल्यांत त्यांचं नाव चिक चॉकलेट. ते १९६७ साली गेले, आपले चौडय्या गेले त्याच साली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे दुसरे. व्हायोलिनवादक, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन नाचतो, त्या गाण्यात हे नाव आहे. शिष्याने गुरूला दिलेली ती दक्षिणा. सगळा देश ते नाव गुणगुणला, आणि बहुतेकांना वाटलं ते गमतीचं काल्पनिक नाव आहे. खरे अँथनी गोन्साल्विस २०१२च्या जानेवारीत वारले.

लोकसंगीतातही तेच. शाहीर विठ्ठल उमप २०१०च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच कोसळले. यमुनाबाई वाईकर शतक ओलांडून २०१८ला गेल्या. यमुनाबाईंच्या लावणीमागच्या ढोलकीवाल्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना येतं? मला येत नाही, हे कबूल करतो.

आणि या सगळ्याला एक सुखद अपवाद. डिसेंबर २०२४मध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी आली. एका तबलजीची! त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ आणि ते, या दोघांनी मिळून तबल्याला मागच्या रांगेतून पुढे आणलं. पण झाकीरभाई साथीला बसले की साथच करायचे. पुढे येण्याची ताकद असून मागे बसता येणं, याला मी मोठेपण म्हणतो.

तर मंडळी, स्मारक म्हणजे काय? चौडय्यांसारखी इमारत प्रत्येकाची होणार नाही. नागरत्नम्मांसारखी सगळी कमाई आपल्याला ओतता येणार नाही. पण तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

एक, कार्यक्रम ठरवाल तेव्हा पत्रिकेवर प्रत्येक वादकाचं पूर्ण नाव छापा. तानपुऱ्यावरच्या मुलीचंसुद्धा. दोन, चित्रीकरण करताना कॅमेरा दर थोड्या वेळाने साथीदारांकडे वळवा. उद्या कुणाच्या तरी मुलीला तेवढंच उरणार आहे. तीन, घरात जुन्या कॅसेटी असतील, वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून त्या वाजवा आणि विचारा, साथीला कोण होतं? जे नाव सांगतील ते वेष्टनावर लिहून ठेवा. ज्यांना ती नावं माहीत आहेत, ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. उशीर करू नका.

मी काकांच्या वहीतल्या प्रत्येक पानावर ‘मी’ या अक्षरापुढे त्यांचं नाव लिहून काढलंय. दोन संध्याकाळी लागल्या. आणि त्याच वहीच्या शेवटी, कोऱ्या पानावर, २०११च्या त्या मैफलीची नोंद केली आहे. तारीख, जागा, गायक, पेटी, तानपुरे. तबल्यापुढे हुबळीच्या त्या गृहस्थांचं पूर्ण नाव लिहिलंय. त्या पानाचा फोटो त्यांच्या मुलीला पाठवला. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. बाबांचं नाव बरोबर लिहिलंय, पण आडनावातली वेलांटी दीर्घ आहे, तेवढी दुरुस्त करा.

केली मंडळी, लगेच केली.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.